स्टेपनी कुठल्या बाजूने निघते

जबाब देणार: स्त्री, वय एकसष्ट वर्षे. धंदा: मोटार ड्रायव्हिंग स्कूल, एकतीस वर्षे चालवले, गेल्या वर्षीपासून बंद. राहणार बँकेमागची गल्ली, शिंप्याच्या दुकानावर, दुसरा मजला, जिना संपल्यावर डावे दार. ओळखपत्रावरचे नाव जमादारसाहेबांनी वेगळ्या कागदावर उतरवून घेतले आहे, पण त्या नावाने मला कोणी ओळखत नाही. पुन्हा बोलवायचे झाल्यास मास्तरीणबाई कुठे राहतात, असे विचारावे.

मी सोमवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, स्वतःच्या पायांनी चौकीत येऊन, कोणीही न पढवता सांगते की,

आज सकाळी अकराच्या सुमारास चौकीतले शिपाई माझ्या घरी आले. त्यांनी एक कागद दाखवून हे अक्षर तुमचेच का, असे विचारले. अक्षर माझे आहे. सही माझी आहे. तो कागद म्हणजे भाड्याने कॅराव्हॅन देणाऱ्या यार्डातला तपासणीचा तक्ता. त्यात स्टेपनीच्या रकान्यापुढे 'स्वतः काढून पाहिली. निघते.' असे मी लिहिलेले आहे. त्याच कॅराव्हॅनची स्टेपनी काढताना शनिवारी दुपारी डोंगरातल्या रस्त्यावर एका माणसाच्या पायांवरून टेंपो गेला. त्याचे वय चौतीस, चष्म्याचे दुकान आहे. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डाव्या पायाबद्दल डॉक्टर अजून काही सांगत नाहीत.

शिपायांकडून मला असेही कळले की, यार्डाच्या मालकाचा जबाब काल झाला. गाडीत काहीही दोष नव्हता, एकतीस वर्षे मोटार शिकवणाऱ्या बाईने त्याच सकाळी ती तपासून तसे लिहून दिले होते, आणि तो माणूस स्वतःच्या निष्काळजीपणाने भर रस्त्यात झोपला, असे त्याने सांगितले. म्हणजे दोष त्या माणसाचा, आणि साक्षीला मी. बंदूक मालकाची आणि खांदा माझा. हा खांदा मी काढून घेत आहे, त्यासाठीच हा जबाब आहे. अक्षर तुमचे की नाही एवढेच सांगा, असे जमादारसाहेब म्हणाले. एवढेच सांगायचे असते तर मी घरीच सांगितले असते, जिने उतरून आले नसते.

झोपला हा शब्द खोडावा, अशी माझी पहिली विनंती आहे. माणूस अंथरुणावर झोपतो. तो काम करण्यासाठी गाडीखाली आडवा झाला होता. जमादारसाहेब म्हणाले की तो शब्द मालकाच्या जबाबात आहे, तिथला तिथेच राहणार. ठीक आहे. माझ्या जबाबात तो येता कामा नये.

माझ्याबद्दल सांगायचे तर, माझ्या स्कूलमध्ये एक नियम होता आणि त्यावरून माझी भरपूर टिंगल झालेली आहे. ज्याने स्टेपनी, म्हणजे जादा चाक, स्वतःच्या हाताने बाहेर काढून, गाडीला लावून, परत जागच्या जागी ठेवलेले नाही, त्याला मी लायसनच्या परीक्षेला पाठवत नसे. डॉक्टर आले, आठवड्यावर लग्न आलेल्या मुली आल्या, सगळ्यांनी हात काळे केले. एक वकीलसाहेब चाक काढायला घरचा गडी घेऊन आले होते. मी म्हटले, मग परीक्षेलाही त्यालाच बसवा. त्यांनी दुसरे स्कूल धरले. गाडीत स्टेपनी असणे पुरेसे नाही, ती हाताला लागली पाहिजे, हे वाक्य मी इतक्यांदा म्हटले आहे की माझी नणंद ते माझा आवाज काढून म्हणून दाखवते.

ही माझी थोरली नणंद, वय सहासष्ट, निवृत्त नर्स, माझ्यासोबतच राहते. आम्हा दोघींचे नवरे गेले. स्कूल बंद झाल्यावर कुठेतरी फिरून यायचे असे वर्षभर चालले होते. हॉटेलातल्या गाद्या तिला चालत नाहीत आणि दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत मला बसवत नाही, म्हणून कॅराव्हॅन ठरवली. कॅराव्हॅन म्हणजे आपल्या मोटारीमागे जोडून न्यायची चाकांवरची खोली. आत बिछाने, ओटा, छोटा नळ असे असते. नऊ दिवसांचा बेत होता. नणंदेने उशांचे अभ्रेसुद्धा शिवून घेतले होते.

शनिवारी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही दोघी माझ्या मोटारीने यार्डात पोचलो. यार्ड लाकडाच्या वखारीला लागून आहे. पत्र्याची शेड, खाली खडी, रांगेत सहा कॅराव्हॅन. ऑफिस म्हणजे एक खोली, तिच्यात टेबल, पंखा आणि भिंतीवर बर्फाच्या डोंगराचे चित्र. आम्हाला चार नंबरची गाडी दिली होती. मालकाने तपासणीचा तक्ता पुढे सरकवला. त्यात बावीस रकाने आहेत. दिवे, ब्रेक, गॅस, नळ, पडदे. पडद्यांना वेगळा रकाना आहे आणि उशांनाही आहे. सगळीकडे बरोबरच्या खुणा करून खाली सही करा, सगळे लोक तसेच करतात, असे तो म्हणाला. मी म्हटले, मी सगळे लोक नव्हे.

स्टेपनी कुठे आहे असे विचारल्यावर त्याने जमिनीकडे बोट दाखवले. या गाडीची स्टेपनी खोलीच्या पोटाखाली असते. लोखंडी नळ्यांची एक चौकट असते, तिच्यात चाक आडवे ठेवलेले असते. ती चौकट खणासारखी बाजूला ओढली की चाक बाहेर येते. पण ओढण्याआधी दोन नट सोडवावे लागतात आणि ते नट उताणे पडल्याशिवाय दिसतसुद्धा नाहीत. मी डिकीतून जुना शर्ट काढून अंगावर चढवला, यार्डातलाच एक पुठ्ठा अंथरला आणि गाडीखाली शिरले. नणंदेने दुसरीकडे तोंड फिरवले. नट गंजलेले होते पण फिरले. नऊ वाजून पाच मिनिटांनी सुरुवात केली, नऊ वाजून सोळा मिनिटांनी चाक बाहेर आले. चाकात हवा भरपूर होती. मी उठले, कपडे झटकले आणि तक्त्यावर वर सांगितलेले लिहून सही केली. मालक खूश झाला. अशी गिऱ्हाइके मिळाली तर मला माणसे ठेवायला नकोत, असे तो नणंदेला म्हणाला.

त्यानंतर मी हात धुवायला गेले. नळ ऑफिसच्या कोपऱ्यावर आहे, तिथून चार नंबरची गाडी पूर्ण दिसते. यार्डातला फिटर स्टेपनी परत आत सरकवत होता. हा पन्नाशीचा माणूस आहे, त्याचा उजवा खांदा धरलेला असतो. तो छातीपर्यंत गाडीखाली गेला होता आणि त्याचे पाय बाहेर पसरलेले होते. तेवढ्यात वखारीकडे जाणारा लाकडाचा ट्रक मधल्या वाटेने आला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. फिटरने पाय गुडघ्यात दुमडून जवळ घेतले. ट्रक गेला. फिटरने पाय पुन्हा पसरले आणि काम पुढे चालू ठेवले. त्यात त्याला काही विशेष वाटले नाही, ट्रकवाल्यालाही वाटले नाही.

मी साबण हातात धरून उभी राहिले. आपल्याकडे गाडी बंद पडली की ती रस्त्याच्या डाव्या कडेला घेतात. ही चौकट गाडीच्या उजव्या बाजूने निघते. म्हणजे कडेला गाडी उभी केली तर जो माणूस स्टेपनी काढायला आडवा होईल त्याचे पाय चालत्या रस्त्यावर येणार. यार्डात चारी बाजूंनी जागा आहे, तिथे हे कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्याही आले नाही. मी स्वतः अकरा मिनिटे त्याच बाजूला पडून होते आणि माझ्या डोक्यात फक्त नट होते. एकतीस वर्षे मी हे मैदानावर शिकवले. रस्ता कुठे आहे असा विचार मैदानावर करावा लागत नाही. सही करण्याआधी मी हा विचार करायला हवा होता. तो केला नाही, हे लिहून घ्यावे.

मी फिटरकडे जाऊन ही चौकट डावीकडून का निघत नाही, असे विचारले. त्याने आधी ऑफिसच्या दाराकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाला, "पूर्वी डावीकडूनच निघायची, बाई. मग या गाडीला सांडपाण्याची मोठी टाकी बसवली. ती आडवी येते. मग चौकट उलटी फिरवून घेतली." कोणी फिरवली, असे मी विचारले. "मीच. सांगितलं तसं केलं," असे तो म्हणाला. मोठी टाकी फक्त चार नंबरलाच आहे आणि म्हणूनच तिला जास्त मागणी आहे, असेही त्याने सांगितले. भांडी घासून झाल्यावर पाणी ओतायला खाली उतरावे लागत नाही. फिटरचा जबाब घेतला का, असे मी आता जमादारसाहेबांना विचारले. त्यांनी पान उलटले. तो गरीब माणूस मालकासमोर ताकास तूर लागू देणार नाही, तरी त्याला एकट्याला बोलावून विचारावे.

नऊ वाजून तीस मिनिटांनी मी ऑफिसात जाऊन मालकाला हे सगळे सांगितले. त्याने ऐकले असे मी म्हणणार नाही. तो मोबाइलमध्ये बघत होता. टाकी काढा, नाहीतर चौकट सरळ करून टाकीची जागा बदला, दोन तासांचे काम आहे, आम्ही थांबतो, असे मी म्हटले. त्यावर तो म्हणाला की पंक्चर झालीच तर फोन करायचा, आमचा माणूस येतो, या वयात गाडीखाली शिरायची हौस कशाला. मग मी तक्ता परत मागितला. मला त्यात आणखी एक ओळ लिहायची होती. इथेच घोडे पेंड खात होते. त्याने तक्ता टेबलाच्या खणात टाकला आणि म्हणाला, "बाई, निघते असं तुम्हीच लिहिलंय. कुठल्या बाजूनं निघते, असा रकाना नाही आमच्याकडे."

हे त्याचे शब्द जसेच्या तसे आहेत. पडद्यांना रकाना आहे. उशांना आहे.

मी खण उघडायला हात पुढे केला हे खरे आहे. मालकाने आपल्या जबाबात मी अंगावर धावून गेले असे सांगितले असल्यास ते खोटे आहे. मी टेबलाच्या अलीकडे होते आणि टेबल मोठे आहे. सही झाली की कागद ऑफिसचा, गाडी नको असेल तर नेऊ नका, दहा वाजता दुसरे गिऱ्हाईक येतेच आहे, असे तो म्हणाला. मी गाडी नको म्हणून सांगितले. आमच्या पिशव्या परत मोटारीत भरल्या. भरताना नणंद म्हणाली, की जगात एवढी माणसे फिरायला जातात ती काय सगळी मरतात का, आणि तू प्रत्येक ठिकाणी नाकाने कांदे सोलायला हवेतच का.

यापुढचे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे, म्हणून ते वेगळे लिहावे. जखमी माणसाची बायको काल चौकीत येऊन गेली, आजही आलेली आहे. तिच्या जबाबातले शिपायांनी मला वाटेत सांगितले. चार नंबरची गाडी त्यांनी सव्वादहाला नेली. बरोबर त्यांची सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई होत्या. दुपारी साडेतीनच्या सुमारास चढावर कॅराव्हॅनचे डावे चाक बसले. त्याने गाडी डावीकडे जितकी घेता येईल तितकी घेतली, पलीकडे उतार होता. मुलीला आणि आईला लांब दगडावर बसवले. दिवे लुकलुकत ठेवले. लाल त्रिकोण मागे नेऊन ठेवला. मग त्याने यार्डात फोन केला. मालक म्हणाला की माणूस यायला तीन तास लागतील, त्यापेक्षा स्वतःच बदलून घ्या. "स्टेपनी निघते. सकाळीच एका म्हाताऱ्या बाईनं काढून दाखवलीय. तुम्ही तर पुरुष आहात," असे तो म्हणाला. फोन मोठ्या आवाजावर होता, बायकोनेही ऐकले.

आता यात निष्काळजीपणा कोणाचा, ते मला सांगावे. त्रिकोण ठेवला, दिवे लावले, माणसे लांब बसवली, फोन केला. बायको वळणावर उभी राहून टॉवेल हलवत होती. माझ्याकडे परीक्षा दिली असती तर मी त्याला पहिल्या फटक्यात पास केले असते. मग तो गाडीखाली गेला, उजव्या बाजूने, कारण दुसऱ्या बाजूने जाताच येत नाही. टेंपो मागून आला. टेंपोवाल्याने टॉवेल पाहिला, वेगही कमी केला, पण समोरून बस आली आणि त्याला उजवीकडे सरकायला जागा राहिली नाही. तो टेंपोवाला शेजारच्या खोलीत बसला आहे. कालपासून त्याने काही खाल्लेले नाही, असे शिपाई म्हणाले. त्याला मी शिकवलेले नाही, मी विचारून घेतले. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी स्कूलमधल्या मुलांना सांगत असे, ती इतक्या जवळून बघायला मिळेल असे वाटले नव्हते.

यावर जमादारसाहेबांनी माझे लक्ष एका गोष्टीकडे वेधले. ते म्हणाले की बाई, कायद्याने बघायला गेले तर गाडीला स्टेपनी होती, ती निघत होती, चाकात हवा होती, यात मालक कुठे अडकतो. शिवाय तुमचेच अक्षर आहे. मी त्यांना उठून उभे राहायला सांगितले. ते उठले नाहीत. मग मी स्वतःच चौकीच्या फरशीवर आडवी झाले. त्यांचे टेबल ही कॅराव्हॅन समजा, भिंतीकडची बाजू ही रस्त्याची कड समजा, असे सांगून टेबलाखाली छातीपर्यंत गेले आणि माझे पाय कुठे आले ते बघा म्हटले. पाय दारात आले होते. त्याच वेळी एक शिपाई चहा घेऊन आत येत होता. त्याला थांबावे लागले. जमादारसाहेबांनी मला हाताला धरून उठवले आणि बसायला खुर्ची दिली. त्यानंतर त्यांनी वरचा सगळा मजकूर न अडवता लिहून घेतला, याबद्दल माझी तक्रार नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. 'निघते' हा शब्द मी लिहिला तो यार्डात लिहिला, आणि तो यार्डापुरताच खरा आहे. रस्त्यावर ती स्टेपनी निघत नाही. माणसाचे पाय दिल्याशिवाय निघत नाही. हे मालकाला नऊ वाजून तीस मिनिटांनी माझ्या तोंडून कळले होते. त्यानंतर पाऊण तासाने त्याने ती गाडी दुसऱ्याला दिली, आणि देताना माझा कागद पुढे केला. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो. आज तो जखमी माणूस बेजबाबदार ठरला तर उद्या त्याच तक्त्यावर आणखी कोणीतरी सही करील. त्या माणसाला एक पाय नाही आणि वर दोषही त्याचाच, असा कागद या चौकीतून माझ्या अक्षराच्या आधाराने बाहेर जाता कामा नये. चौकट उलटी फिरवलेली आहे, तिच्या जुन्या नटाचे भोक गाडीच्या डाव्या बाजूला अजून दिसते. गाडी चौकीच्या मागच्या आवारात उभी आहे. आजच कोणाला तरी घेऊन जाऊन बघावे, मी सोबत यायला तयार आहे. यार्डाच्या मालकाशी माझे पूर्वीचे काहीही वैर नाही. आता आहे.

वरील जबाब दुपारी दोन वाजता मला वाचून दाखवण्यात आला. त्यात लिहिलेला प्रत्येक शब्द खरा आहे. जमादारसाहेबांनी सहीसाठी पेन पुढे केले, पण मी ते घेतले नाही. अजून एक गोष्ट राहिली आहे. ती मला कोणी विचारलेली नाही, तरी ती खाली वाढवून लिहावी.

शनिवारी दहाच्या सुमारास आम्ही निघालो तेव्हा फाटकाशी थांबावे लागले, कारण त्या कुटुंबाची मोटार आत येत होती. ते लोक ऑफिसात गेले. मी फाटकाबाहेर मोटार कडेला घेऊन तशीच बसून राहिले. परत जाऊन तो खण फोडावा असे मनात येत होते. नणंद म्हणाली, "आता पुरे कर. तुझी शाळा बंद झाली." दहा वाजून दहा मिनिटांनी त्या माणसाची बायको चालत माझ्या खिडकीशी आली. तिची मुलगी तोपर्यंत चार नंबरच्या गाडीत चढली होती आणि आतून पडदा उघडत होती, लावत होती. बायको म्हणाली, "काकू, तो कागद आत्ता वाचला. तुम्हीच काढून पाहिलीत ना स्टेपनी? निघते ना? यांना गाड्यांतलं फारसं कळत नाही."

मी म्हटले, "निघते."

ती म्हणाली, बरे झाले, माझा जीव भांड्यात पडला. मी गियर टाकला आणि निघून आले. कुठल्या बाजूने निघते ते सांगायला मला अर्धे मिनिट लागले असते. मी सांगितले नाही. मला कोणी अडवले नव्हते, मालक तिथे नव्हता, घाई नव्हती. तासभर माझे कोणी ऐकले नाही म्हणून मी रागावलेली होते आणि आता ज्याचे त्याने बघावे असे मला वाटत होते. यापेक्षा दुसरे कारण मला सापडत नाही. शनिवारपासून नाही, आज अकरा वाजल्यापासून शोधते आहे.

शिपायांनी मला वाटेत तिचा जबाब सांगितला त्यात ही गोष्ट नव्हती. तिने फाटकाशी कोणालातरी विचारले होते, हे तिने चौकीत सांगितलेले नाही. का सांगितले नाही, ते मला माहीत नाही. मी आले तेव्हा ती बाहेरच्या बाकावर बसलेली होती. तिने मला ओळखले आणि सरकून जागा करून दिली. मी बसले नाही.

हा जबाब आधी तिला वाचून दाखवावा, मग मी सही करीन, असे मी सांगितले. जमादारसाहेब म्हणाले की तशी पद्धत नाही. मी म्हटले, मग मी इथेच बसते. दोन वाजून पंचवीस मिनिटांनी तिला आत बोलावण्यात आले. तिने खुर्ची घेतली नाही, उभी राहून ऐकले. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळे तिला वाचून दाखवण्यात आले. ऐकून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिले. मग जमादारसाहेबांना म्हणाली, "बरोबर आहे."

त्यानंतर मी सही केली.